स्टोरेज अडकलं तर कमांड लाइनवरून लॉग कसे घ्यायचे: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, फौंड्री, शाळा, दवाखाना, गूळ-तंबाखूचा व्यापार, साखर कारखान्याचं ऑफिस. आपल्याकडे अशा प्रत्येक ठिकाणी कोपऱ्यात एक स्टोरेज बॉक्स असतो आणि तो बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बंद पडला की फोन येतो: "काहीतरी करा, काउंटरवर माणसं उभी आहेत." हे पान त्या फोनच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. बॉक्सने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी, म्हणजे लॉग, कमांड टाइप करून कशा बाहेर काढायच्या ते इथे सांगितलंय. बहुतेक उत्तरं लिनक्सवर चालणाऱ्या स्टोरेजची आहेत, कारण घरी बनवलेल्या सर्व्हरपासून बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच एनएएस (नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या) बॉक्सपर्यंत आतमध्ये लिनक्सच असतं.

कमांड देवनागरीत का लिहिल्या आहेत?

फोनवर आपण त्या अशाच सांगतो म्हणून. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि "कॅपिटल" असं वेगळं सांगितलं नसेल तर सगळी लहान. "डॅश" म्हणजे आडवी रेघ, "डबल डॅश" म्हणजे मध्ये जागा न सोडता दोन रेघा, "स्लॅश" म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरचा. कमांड आणि डॅश यांच्यामध्ये एक जागा सोडायची. निम्म्या वेळा कमांड "चालत नाही" ती या एका जागेमुळे.

स्टोरेज अडकलंय. आधी रीबूट करून बघू का?

नको. लॉग हातात येईपर्यंत नको. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या.

कर्नल (लिनक्सचा गाभा) जे काही बोलतं, म्हणजे कुठली डिस्क उत्तर देत नाही, कुठला सेक्टर वाचता आला नाही, कुठली लिंक तुटून परत जुळली, ते सगळं मेमरीतल्या एका ठरावीक आकाराच्या जागेत लिहिलं जातं. जागा भरली की जुन्या ओळींवर नव्या ओळी येतात आणि मशीन बंद झालं की सगळंच जातं. "मग जर्नलमध्ये असेल की" असं लोक म्हणतात; जर्नल म्हणजे लिनक्सची मुख्य नोंदवही. असेलही. पण "स्लॅश वार स्लॅश लॉग स्लॅश जर्नल" ही डिरेक्टरी मशीनवर नसेल तर नेहमीच्या सेटिंगमध्ये जर्नलसुद्धा "स्लॅश रन" खाली, म्हणजे मेमरीतच राहतं. आणि समजा ती डिरेक्टरी आहे, पण जी डिस्क मरतेय तिच्यावरच आहे, तर शेवटची दहा मिनिटं तिथे लिहिलीच गेलेली नसतात. आपल्याला हवी असतात नेमकी तीच दहा मिनिटं. झेडएफएस (डिस्कांचा गट सांभाळणारी फाइल सिस्टम) वापरत असाल तर "झेडपूल इव्हेंट्स" हीसुद्धा मेमरीतली यादी आहे, रीबूटनंतर कोरी.

रीबूट केल्यावर बऱ्याचदा मशीन गुमान चालू होतं. मॅनेजर खूश होतात, काउंटर सुरू होतो. आठवडाभरात तेच परत, आणि सपोर्टवाला म्हणतो, "लॉगमध्ये काही दिसत नाही, पुन्हा झालं की कळवा." त्याचं काही चुकत नाही, दिसेल असं काही आपण शिल्लकच ठेवलेलं नसतं.

अपवाद दोन. जळल्याचा वास किंवा धूर आला तर लॉग गेले खड्ड्यात, आधी वीज तोडा. आणि डिस्कमधून टकटक असा एकसारखा आवाज येत असेल व त्या डेटाची दुसरी प्रत नसेल, तर तिच्याकडून जास्त काही वाचून घेऊ नका, बंद करा. कुणीतरी बाहेरून शिरून फाइली कुलूपबंद केल्याचा संशय असेल तर मात्र उलटं: नेटवर्कची केबल काढा, मशीन चालूच ठेवा.

मग नेमक्या कुठल्या क्रमाने घ्यायचं?

लवकर पुसलं जाणारं आधी, टिकणारं नंतर. मी सांगतो तो क्रम असा.

सगळ्यात आधी "स्क्रिप्ट" ही कमांड द्या आणि पुढे एका फाइलचं नाव. त्यानंतर पडद्यावर जे उमटेल ते सगळं त्या फाइलीत नोंदलं जातं. काम संपलं की "एक्झिट". सुडोला (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारा शब्द) पासवर्ड देताना तो पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे फाइलीतही येत नाही. पण कमांडच्या ओळीतच पासवर्ड टाइप केला तर तो नोंदला जाणार, हे ध्यानात ठेवा.

मग "डेट" आणि "अपटाइम". दोन सेकंदांचं काम, पण मशीनचं घड्याळ आणि आपल्या हातातलं घड्याळ यांत किती फरक आहे ते आत्ताच कळतं. डेटच्या शेजारी मोबाइलवरची वेळ वहीत लिहा.

मग "डीमेसेज डॅश कॅपिटल टी". कॅपिटल टीमुळे ओळींपुढे माणसाला कळेल अशी वेळ येते. ती वेळ दर वेळी सेकंदाला बरोबर असतेच असं नाही, मशीन मध्ये झोपलं असेल तर बरीच चुकते. म्हणून एकदा नुसतं "डीमेसेज" पण घ्या.

मग रेडची, म्हणजे अनेक डिस्क मिळून केलेल्या गटाची, स्थिती: "कॅट स्लॅश प्रॉक स्लॅश एमडीस्टॅट", किंवा झेडएफएस असेल तर "झेडपूल स्टेटस डॅश व्ही" आणि लगेच "झेडपूल इव्हेंट्स डॅश व्ही". त्यानंतर "एलएसबीएलके", त्यात मॉडेल आणि सीरियल नंबरचे रकाने मागून. मग प्रत्येक डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद: "स्मार्टसीटीएल डॅश एक्स". मग जर्नल: "जर्नलसीटीएल डॅश के" आताच्या बूटचं (मशीन शेवटचं चालू झालं तेव्हापासूनचं), आणि "जर्नलसीटीएल डॅश के डॅश बी डॅश १" आधीच्या बूटचं. सोस रिपोर्टसारखं (खाली सांगितलंय) मोठं गाठोडं सगळ्यात शेवटी, कारण त्याला वेळ लागतो आणि अडकलेल्या मशीनवर ते स्वतःही अडकू शकतं.

एखादी कमांड अडकली आणि कंट्रोल सी दाबूनही सुटत नसेल तर झटापट नको. ती प्रोसेस डिस्कच्या उत्तराची वाट बघत बसलेली असते. अशा अवस्थेत "किल डॅश ९" चाही उपयोग होत नाही. दुसरं टर्मिनल उघडा आणि पुढच्या कमांडकडे जा. कर्नल अशा प्रोसेसबद्दल नेहमीच्या सेटिंगमध्ये १२० सेकंदांनी स्वतःच डीमेसेजमध्ये तक्रार नोंदवतं, तीही कामाची असते.

लॉग कुठे साठवू?

बिघडलेल्या व्हॉल्यूमवर सोडून कुठेही. पेनड्राइव्ह, दुसरा सर्व्हर, तुमचा लॅपटॉप. आजारी डिस्कवर नवं काही लिहायचं नाही, हा त्यातला मुद्दा. पेनड्राइव्ह एफएटी-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर मावत नाही. गाठोडं मोठं असेल तर एक्स-फॅट किंवा ईएक्सटी-४ करून घ्या. आणि "डीएफ डॅश एच" करून आधी जागा बघा. रूट पार्टिशन (सिस्टम असते तो डिस्कचा भाग) शंभर टक्के भरल्यामुळेच सगळं अडकलेलं असतं, असंही पुष्कळदा निघतं.

डीमेसेजमध्ये "एटीए ३" अशी चूक येतेय. ही कुठली डिस्क?

हा प्रश्न फार चांगला, कारण इथे चुकलं की चांगली डिस्क बाहेर येते आणि आजारी आतच राहते.

ओळ साधारण अशी दिसते: "एटीए ३ पॉइंट शून्य शून्य", मग "फेल्ड कमांड", मग "रीड एफपीडीएमए क्यूड". यातला ३ हा पोर्टचा क्रमांक आहे. तो म्हणजे तिसरी डिस्क नव्हे, एसडीसीही नव्हे आणि बॉक्सवरचा तिसरा कप्पाही नव्हे. जुळवायचं असं: "एलएस डॅश एल स्लॅश सिस स्लॅश ब्लॉक" द्या. प्रत्येक डिस्कपुढे एक लांबलचक रस्ता दिसेल आणि सॅटा डिस्क असेल तर त्यात कुठेतरी एटीए आणि आकडा असेल. ज्या ओळीत एटीए ३ आहे तिच्या शेवटी डिस्कचं नाव सापडेल, समजा एसडीई. आता "स्मार्टसीटीएल डॅश आय स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीई" देऊन तिचा सीरियल नंबर घ्या आणि कागदावर लिहा. एसडीई हे नाव उद्या रीबूटनंतर दुसऱ्याच डिस्कला मिळू शकतं; सीरियल नंबर डिस्कच्या लेबलवर छापलेला असतो, तो बदलत नाही.

स्मार्ट "पास्ड" म्हणतंय. म्हणजे डिस्क ठीक ना?

तेवढ्यावर विसंबू नका. तो शेरा डिस्क बनवणाऱ्याने ठरवलेल्या मर्यादा ओलांडल्या की नाही एवढंच सांगतो, आणि त्या मर्यादा सैल असतात. मरायला टेकलेल्या डिस्कसुद्धा "पास्ड" म्हणत मरतात.

खाली उतरून शेवटच्या रकान्यातले कच्चे आकडे बघा. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब निघालेले आणि राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर. १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासणी करताना सापडलेले, दुरुस्त न होणारे. १९७ शून्याच्या वर असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर नवी डिस्क मागवा, चर्चा नको.

१९९ ची गोष्ट वेगळी. ती डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवर डेटा खराब झाल्याचे प्रसंग मोजते. दोष बहुधा केबलचा, कनेक्टरचा किंवा डिस्क बसते त्या बॅकप्लेनचा असतो. केबल बदलल्यावरही हा आकडा शून्यावर येत नाही, म्हणून बदलताना तो टिपून ठेवा आणि चार दिवसांनी परत बघा. वाढला नाही तर काम झालं. उद्यमबागेत ज्यांचं मशीन वर्कशॉपला लागून आहे त्यांनी १९९ कडे विशेष लक्ष द्यावं: बारीक धूळ आणि सततचा हादरा, दोन्ही कनेक्टरचे शत्रू.

आणि सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ या ओळींचे कच्चे आकडे कोटींत दिसतात म्हणून घाबरू नका. त्या आकड्यात दोन वेगळ्या मोजण्या एकत्र भरलेल्या असतात.

स्मार्टच्या चुकांपुढे तारीख नाही, नुसते तास आहेत. ते कसे वाचायचे?

डिस्कला तारीख माहीत नसते. आपण आजवर किती तास चालू आहोत एवढंच ती मोजते. समजा चुकीपुढे २१४८० तास लिहिलंय आणि त्याच डिस्कची ९ क्रमांकाची ओळ आत्ता २१५३० दाखवते. म्हणजे चूक ५० चालू तासांपूर्वीची. मशीन दिवसरात्र चालू असेल तर परवाची. रात्री बंद करत असाल तर जास्त दिवस मागे जावं लागेल. साध्या यादीत शेवटच्या पाचच चुका राहतात, म्हणून "डॅश ए" ऐवजी "डॅश एक्स" सांगतो. डिस्कला जमत असेल तर त्यात मोठी यादीही येते, आणि तापमानाचा अलीकडचा इतिहासही.

लाँग टेस्ट लावायची घाई करू नका. ती डेटा पुसत नाही, पण पूर्ण डिस्क वाचून काढते. आधी डॅश एक्स, मग बॅकअप, मग टेस्ट.

रेड कार्ड आहे. स्मार्टसीटीएलला एकच डिस्क दिसते.

कार्ड मागच्या डिस्क लपवतं. मेगारेड घराण्यातलं कार्ड असेल तर "स्मार्टसीटीएल" ला "डॅश डी मेगारेड स्वल्पविराम" आणि डिस्कचा आकडा द्यावा लागतो. पण खरी माहिती कार्डाच्या स्वतःच्या कमांडमधून येते: "स्टोरसीएलआय", डेलच्या सर्व्हरवर "पर्कसीएलआय". "स्लॅश सी शून्य शो ऑल", मग "स्लॅश सी शून्य शो इव्हेंट्स", मग "स्लॅश सी शून्य शो टर्मलॉग". तिन्ही वेगवेगळ्या फाइलीत.

त्यात बॅटरीची ओळ बघायला विसरू नका. "लाईट गेली, आली, आणि तेव्हापासून सगळं हळू झालं" या तक्रारीत कार्डाची बॅटरी मेलेली सापडणं अगदी नेहमीचं आहे. बॅटरी नसली की कार्ड कॅशवर भरवसा ठेवत नाही, प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर उतरेपर्यंत थांबतं. डिस्क चांगल्या, रेड चांगलं, आणि तरी वैताग.

एमडीस्टॅटमध्ये नुसते यू दिसतात. त्याचं काय करायचं?

प्रत्येक यू म्हणजे जागेवर असलेली एक डिस्क. "४ स्लॅश ३" आणि पुढे "यू यू अंडरस्कोर यू" असं असेल तर चारातली तिसरी जागा रिकामी आहे. नावापुढे कंसात एफ म्हणजे ती डिस्क नापास ठरवून बाजूला काढलीय. एवढं घेतल्यावर "एमडीअ‍ॅडम डबल डॅश डीटेल" पूर्ण अ‍ॅरेसाठी (रेडच्या गटासाठी) आणि "एमडीअ‍ॅडम डबल डॅश एक्झॅमिन" प्रत्येक सदस्य पार्टिशनसाठी द्या. एक्झॅमिनमधला "इव्हेंट्स" हा आकडा सोन्यासारखा आहे: जिचा आकडा सगळ्यांत मागे, ती डिस्क सगळ्यांत आधी बाहेर पडली. दोन डिस्क गेल्या असतील तर परत उभारणी करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो.

"एमडीअ‍ॅडम डबल डॅश क्रिएट" कुठल्याही परिस्थितीत स्वतः देऊ नका, इंटरनेटवर कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी. तसंच "झेडपूल क्लिअर" लॉग घेण्याआधी नको. ते चुकांचे आकडे शून्य करतं.

सोस रिपोर्ट म्हणजे काय, आणि तो मध्येच थांबला तर?

मशीनची सेटिंग्ज, लॉग आणि शेकडो कमांडची उत्तरं एका दाबलेल्या फाइलीत बांधून देणारं साधन. रेड हॅट घराण्यात आणि उबुंटूवर मिळतं. आवृत्ती ४ पासून "सोस रिपोर्ट" असे दोन शब्द, त्याआधी एकच जोडशब्द. सुसेवर याच कामाला "सपोर्टकॉन्फिग". प्रश्न विचारत थांबू नये म्हणून "डबल डॅश बॅच" जोडा, आणि फाइल दुसरीकडे बनवायची असेल तर "डबल डॅश टीएमपी डॅश डीर" आणि पुढे जागेचा रस्ता.

एखाद्या भागावर अडकला तर तो थोडा वेळ वाट बघून पुढे जातो. चहा घेऊन या. तरी हलत नसेल तर ज्या भागाचं नाव पडद्यावर दिसतंय तो "डॅश एन" देऊन वगळा आणि परत चालवा. अर्धवट रिपोर्ट काहीच नसल्यापेक्षा बरा.

आमचा बॉक्स कंपनीचा आहे, त्यात लिनक्सचा असा टर्मिनल नाही.

मग कंपनीनं दिलेलाच मार्ग घ्या. नेटअ‍ॅपच्या ऑनटॅपवर "सिस्टम नोड ऑटोसपोर्ट इन्व्होक" देऊन सगळं गाठोडं बनवून थेट कंपनीकडे पाठवता येतं. नोड, प्रकार आणि एक छोटा संदेश सोबत द्यायचा. तो गेला की नाही ते "ऑटोसपोर्ट हिस्टरी शो" मध्ये दिसतं. छोट्या एनएएसवर हेच काम वेब पानावरच्या सपोर्ट विभागातल्या एका बटणावर असतं, आणि एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून कमांड देण्याची सोय) चालू असेल तर डीमेसेज, एमडीस्टॅट वगैरे तिथेही चालतात. वॉरंटी असेल तर एसएसएचने आत जाऊन फक्त वाचा. काही बदलू नका.

सपोर्टवाला म्हणतो त्या वेळेला लॉगमध्ये काहीच नाही. आम्ही तर डोळ्यांनी बघितलं.

साडेपाच तासांचा घोळ. बरीच स्टोरेज मशीन यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवर चालतात आणि आपण भारतीय वेळ सांगतो. शनिवारी पहाटे ४ वाजताची घटना अशा लॉगमध्ये शुक्रवारी रात्री १०:३० ला बसलेली असते. सपोर्टवाला शनिवार उघडून बघतो आणि त्याला खरंच काही सापडत नाही. "टाइमडेटसीटीएल" द्या, मशीनचा टाइम झोन बघा, आणि तक्रारीत दोन्ही वेळा लिहा.

दुसरं कारण मदरबोर्डवरचा बटन सेल, बहुधा सीआर २०३२. तो संपला असेल तर लाईट जाऊन आल्यावर मशीन कुठल्या तरी जुन्या सालात जागं होतं आणि नेट मिळून घड्याळ जुळेपर्यंतच्या नोंदी त्या सालाखाली जातात. "जर्नलसीटीएल डबल डॅश लिस्ट डॅश बूट्स" मध्ये हे लगेच ओळखू येतं. सेल स्वस्त असतो, बदलून टाका.

पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाईट जाते. ते लॉगमध्ये दिसतं का?

कणकुंबी, जांबोटीकडच्या लोकांचा हा जूनमधला ठरलेला प्रश्न. स्टोरेजच्या लॉगमध्ये वीज गेल्याची नोंद बहुधा नसते, कारण वीज गेल्यावर लिहिणार कोण? पण सर्व्हरवर बीएमसी (मशीनवर पाळत ठेवणारी वेगळी चिप) असेल तर "आयपीएमआयटूल सेल ईलिस्ट" देऊन बघा. पॉवर सप्लायची वीज कधी तुटली, पंखा कधी मंदावला, तापमान कधी वाढलं, हे ती वेगळी चिप नोंदवत असते आणि रीबूटनं ते पुसलं जात नाही. तिची जागा लहान असते. बऱ्याच मशीनवर भरली की नवं लिहिणं थांबतं. म्हणून आधी जपून ठेवा, मगच ती यादी पुसणारं "सेल क्लिअर". यूपीएसला यूएसबी केबल जोडून एनयूटी किंवा एपीसीयूपीएसडी हे यूपीएसवर नजर ठेवणारे प्रोग्रॅम चालवत असाल तर त्यांचाही लॉग गाठोड्यात घाला.

फाइलींची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये आहेत. लॉगमध्ये भलतंच काही दिसतं.

आपल्या भागातला खास प्रश्न, बाहेरच्या कुठल्या पानावर उत्तर सापडणार नाही. एकाच शेअरवर सभासदांचे अर्ज मराठी नावांनी आणि सरकारी पत्रव्यवहार कन्नड नावांनी ठेवलेला असतो. डिस्क खराब झाली की कुठल्या फाइली गेल्या हे बघायला "एलएस" द्यावं, तर नावाऐवजी उलटे स्लॅश आणि तीन-तीन आकड्यांची रांग.

टर्मिनलची भाषा नुसती "सी" असेल तर असं होतं. फाइल खराब झालेली नाही, फक्त नाव दाखवता येत नाही. "एक्सपोर्ट", मग मोठ्या अक्षरांत "एलसी अंडरस्कोर ऑल", मग बरोबरचं चिन्ह आणि "सी डॉट यूटीएफ-८" असं आधी द्या. यात सी आणि यूटीएफ हेही मोठ्या अक्षरांत. याचा दुहेरी फायदा: नावं नीट दिसतात आणि चुकांचे संदेश इंग्रजीतच राहतात, जे बेंगळुरू-पुण्यातल्या सपोर्टला वाचता येतात.

पण समजा लॉग आधीच घेतलाय आणि त्यात आकडेच आहेत, तर ते वाचता येतात. देवनागरी असो वा कन्नड, प्रत्येक अक्षर तीन आकड्यांच्या गटाचं असतं आणि पहिला आकडा ३४० असतो. दुसरा आकडा २४४ किंवा २४५ असेल तर नाव देवनागरीत आहे. २६२ किंवा २६३ असेल तर कन्नडमध्ये. पूर्ण नाव हाताने उलगडत बसायची गरज नाही, पण "गेलेल्या फाइली सभासदांच्या की सरकारी पत्रांच्या" एवढं अध्यक्षांना लगेच सांगता येतं, आणि त्या क्षणी त्यांना तेवढंच हवं असतं.

जर्नलमध्ये "ब्लॉब डेटा" असं दिसलं तर "जर्नलसीटीएल डॅश ए" देऊन बघा.

हे सगळं बाहेर पाठवणं सुरक्षित आहे का? आमच्याकडे ठेवीदारांची माहिती आहे.

लॉगमध्ये फाइलींच्या आतला मजकूर सहसा येत नाही. पण नावं येतात, आणि आपल्याकडे फाइलीचं नावच "अमुक पाटील कर्ज थकीत" असं असतं. "झेडपूल स्टेटस डॅश व्ही" खराब झालेल्या फाइलींचे पूर्ण रस्ते छापतं. सांबाच्या (विंडोज मशीनना फाइली वाटणारा प्रोग्रॅम) लॉगमध्ये कुणी कुठली फाइल उघडली ते असू शकतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी गावात चर्चा नको असेल तर पाठवण्याआधी एकदा नजर टाका.

सोस रिपोर्टला "डबल डॅश क्लीन" जोडलं तर आयपी पत्ते, मॅक पत्ते आणि मशीनची नावं बदलून टाकली जातात. फाइलींच्या नावांतली माणसं त्याला कळत नाहीत. त्यासाठी "डबल डॅश कीवर्ड्स" मध्ये शब्द द्यावे लागतात. क्लीन केल्यावर खऱ्या-खोट्या नावांची जुळणी ठेवणारी एक प्रायव्हेट मॅप फाइलही बनते. ती आपल्याकडेच ठेवायची. पाठवायची फाइल "जीपीजी डॅश सी" ने पासवर्ड घालून बंद करा आणि पासवर्ड वेगळ्या मार्गाने, फोनवर बोलून द्या. रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ओळखीच्या इंजिनिअरलासुद्धा नको.

फाइल मोठी आहे आणि नेट मोबाइलचं. मध्येच तुटतं.

"आरसिंक डबल डॅश पार्शल" वापरा. तुटलं तरी पोचलेला भाग समोर टिकून राहतो आणि परत दिल्यावर त्याचा उपयोग होतो. समोर आरसिंक नसेल तर "स्प्लिट डॅश बी" ने तुकडे करा. दोन्ही बाजूंनी "एसएचए २५६ सम" काढून जुळवा, नाहीतर दोन दिवसांनी "फाइल उघडत नाही" असा निरोप येतो. खानापूरच्या आत रानात नेट नसेल तर पेनड्राइव्ह घेऊन बेळगावच्या एसटीत बसणं जलद पडतं, हे थट्टेत म्हणत नाही.

लॉग किती दिवस ठेवायचे असतात?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या-संस्था आणि सरकारी कार्यालयांनी आपल्या सगळ्या आयसीटी (संगणक व संपर्क) यंत्रणांचे लॉग मागचे १८० दिवस भारताच्या हद्दीत ठेवायचे असतात. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची असतात. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचीही अट आहे. नुसती डिस्क मेली तर ती सायबर घटना नव्हे, पण फाइली कुलूपबंद झाल्या तर आहे. आपल्या संस्थेला काय लागू होतं ते लेखापरीक्षकांना विचारून घ्या, विशेषतः मल्टिस्टेट सोसायटी असेल आणि एक शाखा चंदगडला, मुख्य कचेरी बेळगावात असा कारभार असेल तर.

जर्नल आपोआप १८० दिवस टिकेल अशा भ्रमात राहू नका. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते पार्टिशनच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी एवढीच जागा घेतं; भरलं की जुनं जातं. लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवत राहणं हाच खरा उपाय.

ऑपरेटरला कमांड कळत नाहीत. फोनवर कितीदा अक्षर अक्षर सांगायचं?

एकदाच, तेही आत्ता, मशीन धडधाकट असताना. वर सांगितलेल्या कमांड त्याच क्रमाने एका शेल फाइलीत लिहा, प्रत्येकीचं उत्तर वेगळ्या फाइलीत जाईल असं करा, आणि प्रत्येकीआधी "टाइमआउट ६०" घाला म्हणजे साधी अडकलेली कमांड मिनिटभरात सुटेल. फाइलीचं नाव लहान, बोलायला सोपं ठेवा. मग चिकोडीचा कन्नड बोलणारा मुलगा असो की निपाणीच्या मावशी, एकच शब्द टाइप करून एंटर मारायचं. महिन्यातून एकदा चालवून बघा. बिघाड नसतानाचे लॉग जवळ असले की आजचे आकडे ताडून बघता येतात.

तक्रारीत काय लिहू?

सोप्या इंग्रजीत चार वाक्यं पुरतात. मशीनचं मॉडेल आणि सीरियल नंबर. काय दिसलं, किती वाजता, भारतीय वेळ आणि यूटीसी दोन्ही. त्याआधी काय बदललं होतं: नवी डिस्क, अपडेट, यूपीएस, रंगकाम करताना हलवलेलं कपाट, काहीही. आणि लॉग घेतल्यानंतर आपण काय काय केलं. पडद्याचा फोटो पाठवू नका, मजकूर पाठवा. मशीन पडद्यावरच गोठलं असेल आणि दुसरं काही घेता येत नसेल तेव्हाच फोटो, तोही सरळ आणि सगळ्या ओळी येतील असा.

लॉग पाठवले. आता ती डिस्क काढू का?

अ‍ॅरेतली दुसरी एखादी डिस्क आजारी नाही ना, हे १९७ आणि १९८ बघून ठरवा. नवी डिस्क घातली की उरलेल्या सगळ्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचल्या जातात आणि दबून असलेलं दुखणं तेव्हाच वर येतं. म्हणून बॅकअप आधी. मग कागदावरचा सीरियल नंबर आणि कप्प्यातल्या डिस्कच्या लेबलवरचा नंबर दोघांनी मिळून वाचा, एकाने मोठ्याने. लेबल आत असल्यामुळे दिसत नसेल तर कप्प्याचा दिवा लावणारी "एलईडीसीटीएल लोकेट" ही कमांड काही बॉक्सवर चालते. तीही चालत नसेल तर संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर मशीन रीतसर बंद करून डिस्क बाहेर काढा आणि नंबर जुळवा. लॉग हातात आहेत, आता बंद करायला हरकत नाही.